बाहेरची कडी

मिस्त्रीचं एक पालुपद होतं. दुरुस्ती झाली की तो दोन पावलं मागे सरायचा, पेन्सिल कानावर खोचायचा आणि घरमालकाला विचारायचा, "दिसतंय का?" घरमालक वाकून, डोळे बारीक करून बघायचा. फुटलेली फळी, निखळलेली बिजागरी, उंदराने कुरतडलेला कोपरा, काहीच दिसायचं नाही. "नाही ना? मग झालं तर!" म्हणत तो हत्यारं पिशवीत भरायचा. पोरं त्याला तोंडावर काका म्हणायची आणि पाठीमागे 'दिसतंय का'. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. हे आपण कौतुकाने का म्हणतो, कोण जाणे. गल्लीतल्या झाडून सगळ्या दारांना त्याचा हात लागलेला, त्यामुळे कुठल्या घरात दार रागाने आपटलं जातं, कुठे आतून लाथा बसतात, हे त्याला बिजागऱ्या बघूनच कळायचं. पण कळलेलं त्याने कधी बोलून दाखवलं नाही. उलट आपल्या पोटात किती गोष्टी राहतात याचा त्याला अभिमान होता.

गल्लीच्या तोंडाशी हार्डवेअरचं दुकान होतं. दुकानदार वजनदार माणूस. गल्लीतली भांडणं तोच मिटवायचा आणि मिस्त्रीला निम्मी कामं तोच मिळवून द्यायचा. त्याची मुलगी लहान असताना मिस्त्रीने उरलेल्या फळीचं एक स्टूल तिला करून दिलं होतं. त्यावर चढून ती काउंटरवर हनुवटी टेकवायची आणि गिऱ्हाइकांना उगाच भाव सांगायची. आता ती कॉलेज संपवत आली होती आणि टायरवाल्याच्या मुलाशी लग्न करणार म्हणत होती. टायरवाला म्हणजे आपल्यातला नाही. एवढं म्हटलं की गल्लीत कुणाला पुढचं सांगावं लागत नसे. समोरच्या शिक्षिकाबाईंनी दोघांना बसथांब्यावर बघितलं आणि तिच्या आईच्या कानावर घातलं. "मी आपलं सहज बोलले हो," असं त्या पुढे कितीतरी दिवस ज्याला त्याला सांगत होत्या.

त्या सहज बोलण्यानंतर मिस्त्रीला बोलावणं आलं. मुलीच्या खोलीच्या दाराला कडी बसवायची होती. बाहेरून.

"भाऊ, चोर काय आतून बाहेर येणारेत?" मिस्त्री आपल्याच विनोदावर हसला. दुकानदार हसला नाही. दाराशी हाताची घडी घालून उभा असलेला मुलीचा भाऊही हसला नाही. दुकानदाराने दुकानातूनच आणलेली जाड कडी, कोयंडा आणि लांब स्क्रू पुढे केले.

"दार पातळ आहे, भाऊ. या स्क्रूंची टोकं आतून बाहेर येतील. वाईट दिसेल ते."

"आत कोण बघतंय, मिस्त्री?"

मिस्त्री दार तपासायला खोलीत गेला. मुलगी पलंगावर बसली होती, एक गाल सुजलेला. बापाचा फोन वाजला म्हणून तो बोलत बोलत जिन्याकडे गेला, भाऊ पाणी प्यायला वळला, तेवढ्यात ती अगदी हळू म्हणाली, "काका, छोटे स्क्रू लावा ना."

मिस्त्रीला एका क्षणात समजलं. छोटे स्क्रू त्याच्या पिशवीतच होते. बाहेरून कडी तशीच दिसली असती आणि आतून एक खांदा मारला असता तर स्क्रूंसकट निखळून पडली असती. बघायला कुणी नव्हतं. हात पिशवीत गेलासुद्धा. पण उद्या कडी निघाली तर नाव कुणाचं जाणार? मिस्त्रीचं काम सुटलं, असं आजवर कुणाची बोलायची टाप नव्हती. आणि दुकानदाराशी वाकडं घेऊन या गल्लीत राहायचं कसं? त्याने लांब स्क्रू उचलले आणि पार डोक्यापर्यंत पिळले. मुलीकडे बघायचं त्याने टाळलं.

जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं. पोटात गोष्टी ठेवणाऱ्या माणसाला तेवढी एक ठेववली नाही. "बापाचा राग आहे, चार दिवसांत निवळेल," तो म्हणाला. "आपल्याला काय करायचंय," बायको म्हणाली आणि त्याला अजून वाढलं. त्यांची मुलगी मात्र घास हातात धरून बसली होती. ती त्या मुलीच्याच वर्गातली.

"बाबा, मग कोणते लावले?"

"जेव मुकाट्यानं."

चार दिवसांत राग निवळला नाही, दुकानदाराची मुलगी गेली. तापाने गेली असं घरच्यांनी सांगितलं आणि गल्लीने ते धड्यासारखं पाठ केलं. बापाने आणि भावाने उशी दाबून तिला मारलं होतं. भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाने ओरडणं ऐकलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहून दिलं, आणि ते खोटं तरी कसं म्हणावं! बायका आईच्या गळ्यात पडून रडल्या, पुरुष बापाचा खांदा थोपटून आले. काहींनी जरा जास्तच थोपटला.

तिला पोचवून आल्याबरोबर मिस्त्रीला पुन्हा बोलावणं आलं. टायरवाल्याचा मुलगा पोलिसांत गेला होता. मुलीला कोंडून ठेवलं होतं, असं सांगत होता. कडी काढायची होती.

कडी सरकवून मिस्त्रीने दार ओढून उघडलं आणि आतली बाजू बघितली. प्रत्येक स्क्रूचं टोक आतून डोकावत होतं आणि त्याच्याभोवतीचं लाकूड कोरलेलं होतं. पलंगाखाली एक चमचा पडला होता, दांडा वाकलेला, झिजलेला. ती टोकांभोवती कोरत बसली होती. स्क्रू छोटे असते तर ती पहिल्याच दिवशी त्या मुलाकडे पोचली असती. मिस्त्री खाली बसला. मग उठला, चमचा पिशवीत टाकला आणि कामाला लागला.

त्याने स्क्रू काढून कडी उतरवली, भुसा आणि गोंद कालवून भोकं बुजवली, खळगे भरले, वरून पुट्टी फिरवली, घासलं, रंग दिला. आयुष्यात इतकं नितळ काम त्याच्या हातून झालं नव्हतं.

पोलीस आले तेव्हा निम्मी गल्ली जिन्यात उभी होती. साहेबांनी दारावरून तळवा फिरवला, चौकटीवरून फिरवला.

"रंग ओला कसा?"

"लग्नाचं बघत होतो तिच्या, घर रंगवायला काढलं होतं," दुकानदार म्हणाला आणि त्याने डोळ्यांना रुमाल लावला.

साहेब मिस्त्रीकडे वळले. "काम तुझं ना? बाहेरून कडी होती का या दाराला?"

पिशवी मिस्त्रीच्या खांद्यावर होती, चमचा पिशवीत होता. नुसता हात घालून तो काढायचा होता. मिस्त्री दोन पावलं मागे सरला.

"दिसतंय का, साहेब?"

साहेबांनी वाकून बघितलं, डोळे बारीक करून बघितलं. "नाही बुवा," ते म्हणाले. चौकशी तिथेच संपली. जिन्यातल्या माणसांनी मिस्त्रीला वाट करून दिली. कुणीतरी त्याची पाठ थोपटली.

मिस्त्री घरी आला तेव्हा त्याच्या स्वतःच्या मुलीच्या खोलीचं दार बंद होतं. त्याचा स्क्रू-ड्रायव्हर उंबऱ्याशी पडला होता आणि आसपास लाकडाचा ताजा भुगा सांडला होता. त्याने दार ढकललं. ते हललं नाही. या दाराला कडी कधी नव्हतीच, त्यानेच कधी बसवली नव्हती.

"अगं, दार उघड. जेवायचं नाही का?"

"नाही."

"आतून कडी कशाला? आपलंच घर आहे ना?"

आतली पावलं दाराकडे आली. मग ती दाराच्या अगदी जवळून बोलली, "तिचंही होतं."

मिस्त्रीने खांदा लावला. पुन्हा लावला. बायको मागे येऊन उभी राहिली.

"ढकलू नका, बाबा," आतून आवाज आला. "लांब स्क्रू लावलेत."

त्याने दारावरून हात फिरवला. त्याच्या बाजूने, पातळ फळीतून, स्क्रूंची टोकं बाहेर आली होती.