पाणी पिणारा कापूस

सौंसरच्या लोकवर्गणीच्या दवाखान्यात वच्छलासिस्टर स्टोअर सांभाळायची. साल होतं चौऱ्याऐंशी. नर्सिंग नागपुरात शिकलेली, माहेर बोरगावचं. सामान कोणतं घ्यायचं ते मात्र कमिटी ठरवायची. आणि कमिटी म्हणजे कोण? सगळे कापूसवाले शेतकरी! अध्यक्ष केशवराव. या माणसाने जिनिंगमध्ये धागा ओढून मान हलवली, की व्यापारी पुढे बोलत नसे.

त्या दिवशी वर्षभराचा मलमपट्टीचा कापूस निवडायचा होता. टेबलावर दोन नमुने. एक पांढराशुभ्र, मऊ. दुसरा मळकट, जरा राठ. केशवरावांनी पांढऱ्याची चिमूट अंगठ्यांत धरून ओढली आणि डोळेच मिटले. "काय धागा हाय, बाप्पा!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. झाली निवड! अहो, दवाखान्याचा कापूस, त्याचं काय धोतर विणायचं होतं?

वच्छला टेबलाजवळ आली. मागच्या साली असाच देखणा कापूस आला होता. रक्त त्यात शिरेचना, बाजूने ओघळायचं. तीन बाळंतिणींचे टाके पिकले होते.

"काकाजी, हा नोका घेऊ," ती म्हणाली.

केशवराव तापले. "काय म्हणून राहिली तू? चाळीस वर्सापासून कापूस पाहून राहिलो मी. आता तुयापासून शिकू?"

"शेतातला कापूस तुमीच वळखता. पण हा पाणी पेत नाई. चुकली मी, तर ही घ्या स्टोअरची किल्ली. उद्यापासून येत नाई."

बोलून तर गेली! नवरा वारलेला, दोन लेकी शाळेत, घर चालायचं ते याच नोकरीवर. तरी किल्ली तिने टेबलावर ठेवली.

तिने दोन ग्लास पाणी आणलं. दोन्हींत एकेका नमुन्याचा सारख्याच मापाचा बोळा सोडला. मळकट बोळा पाच मोजेपर्यंत तळाशी गेला. पांढरा आपला बदकासारखा वर! पुंडलिकराव कमिटीतले जुने. त्यांनी बोटाने दाबून पाहिला. पुन्हा वर.

"कापसाच्या अंगाले मेण राह्यते," वच्छला म्हणाली. "ते उकळून काढलं नाई, तर रगत कसं पेईन थो?"

केशवरावांनी स्वतः एक बोळा टाकला. तोही तरंगला. मग ते असे खदखदून हसले की चष्मा घसरला. "लेका केशव, जिंदगीभर धागाच ओढत राह्यला तू!" किल्ली त्यांनी स्वतः तिच्या हातात दिली. मग हातमोजे, सुया, टाक्यांचा दोरा, सगळे नमुने तिच्यापुढे सरकवले. "पाहा बाई, हे बी तुमीच पाहा. आमी च्या पेतो."

'तू'ची 'तुमी' झाली होती. वच्छलाचा आनंद गगनात मावेना. एकेक हातमोजा फुगवून, एकेक सुई कापसातून ओढून, टोकाला तंतू अडकतो का ते पाहून तिने निम्मे नमुने परत पाठवले.

पुढच्या महिन्यात त्या पांढऱ्या कापसाचा एजंट पेढ्यांचा डबा घेऊन आला. "खरेदीवाले साहब कहाँ बैठते हैं?"

केशवरावांनी स्टोअरकडे बोट केलं. "वो क्या बैठी हैं हमारी साहब. और सुनो, जूते बाहर उतारके जाना."