पिशवीवाल्यांचा सल्ला

डॉक्टरवरचा माझा राग अजून गेलेला नाही. मूत्राशयात कॅन्सर आहे असं सांगून त्यांनी दोन रस्ते दाखवले. मूत्राशय काढून लघवीसाठी पोटावर पिशवी लावायची, नाहीतर ते ठेवून किमो आणि रेडिएशन घ्यायचं. वर म्हणाले, "तुम्हीच ठरवा." इंदरगंजच्या बाजारात शून्यातून दुकान उभं केलं, पण असला सौदा कधी केला नव्हता.

नर्सनं माझ्यासाठी किला गेटहून एका पिशवीवाल्या गृहस्थांना बोलावलं होतं. ते बाहेर बाकावर मजेत कचोरी खात होते.

"पिशवी कुठाय? दिसत तर नाही!" मी तडकलो.

"दिसली असती तर दर्जी बदलला असता," ते कुर्त्यावर हलकी थाप मारत म्हणाले.

"वाकता येतं?"

ते वाकले आणि माझ्या सँडलचा सुटलेला पट्टा लावून मोकळे झाले. मी ओशाळलो.

"मग हेच घेऊ?"

"मला नका विचारू, भाईसाहेब. आपण घेतलेल्या मालाची तारीफ सगळेच करतात. दुसरा इलाज घेतलेल्यालाही भेटा."

गिऱ्हाइकाला समोरच्या दुकानात पाठवणारा माणूस मी प्रथमच पाहिला. त्यांचं नाव विचारायचंही राहिलं.

दुसऱ्यालाही भेटलो. तोही लेकाचा खूश! पण मूत्राशय ठेवलं की कॅन्सर परत आलाय का ते सारखी आत दुर्बीण घालून तपासून घेणं माझ्या स्वभावाला झेपणारं नव्हतं. मी पिशवी ठरवली.

नर्स पोटावर पिशवीच्या जागेची खूण करू लागली, तेव्हा मी दुकानात गादीवर बसतो तशी मांडी घातली. खूण पोटाच्या वळीत दबली, तशी भांडून ती दोन बोटं वर सरकवून घेतली.