पाण्यामागून आलेला डबा

आमच्या धरणाची पुस्तिका निघते आहे आणि तिच्यात तीच जुनी ओळ पुन्हा छापली जाणार आहे: 'एका रोजंदारी चौकीदाराच्या हलगर्जीपणामुळे नदीपात्रातील डांगरवाड्या वाहून गेल्या.' पुस्तिकेचं काम करणाऱ्या तरुण अभियंत्याला मी तीनदा सांगितलं की हे खोटं आहे. तिसऱ्यांदा त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, रेकॉर्डला तसंच आहे."

अरे बाबा, ते रेकॉर्ड माझ्याच हातचं आहे! पण सही-शिक्क्याचा कागद समोर असला की सही करणाऱ्या माणसाचंही कोणी ऐकत नाही. म्हणून इथे लिहितो.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी वर्धा जिल्ह्यातल्या त्या धरणावर ओव्हरसियर होतो. धरण मुळात सिंचनाचं. पायथ्याशी नंतर एक छोटं वीजघर बांधलं, त्यात एकच मशीन. इतकं हट्टी यंत्र मी दुसरं पाहिलं नाही. पाण्याच्या तोंडावरच्या जाळीत बेशरमच्या झुडपाच्या फांद्या अडकल्या की बंद. तेल गरम झालं की बंद. कशानेच काही झालं नसेल तरीही बंद. पहिल्या खटक्यात ते कधी चालू झालं नाही. आणि कहर म्हणजे भोंगा. पाणी सोडण्याआधी वाजवायचा भोंगा वीजघराच्या छपरावर होता, पण त्याची वीज यायची हिंगणघाटकडून, आणि पाणी सोडायच्या वेळी ती हटकून गेलेली असायची. मी पत्रं लिहिली. उत्तर आलं की भोंगा बसवल्याची नोंद आहे, सबब मागणी निकाली काढण्यात येत आहे.

भोंग्याची गरज होती ती डांगरवाड्यांसाठी. उन्हाळ्यात नदी आटली की खालच्या गावची भोयांची घरं वाळूत खड्डे घेऊन टरबूज, डांगर, काकडी लावायची. मशीन चालू झालं की त्यातून सुटलेलं पाणी थेट त्या पात्रात जाई. अर्धा दिवस आधी कळलं तर ती माणसं वाळूचे बांध घालून धार वळवत आणि पिकलेली फळं काठावर आणत. कळवायचं काम चौकीदाराचं, तोही त्याच गावचा. तो सायकलवरून काठाकाठाने जाई आणि रॉकेलचा रिकामा डबा वाजवी.

डबा का, तर डफडं वाजवायला त्याने साफ नकार दिला होता. मी म्हटलं होतं, डफडं लांबवर ऐकू जातं. तो म्हणाला, "साहेब, माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली अन् त्याच दिवशी डफडं खुंटीवरून काढून टाकलं. आता मी ते गळ्यात घालू काऊन? लोकाईले पाणी येऊन राह्यलं एवढंच सांगाचं ना? डब्यानं सांगतो." आणि तो सांगायचाही. एक फेरी कधी चुकली नाही. पण मला राग आला होता, आणि रागाच्या भरात मी वर एक कागद पाठवला: चौकीदार दवंडीचे काम नीट करण्यास नकार देतो. कागद पाठवला आणि विसरलो. कचेरी विसरत नाही.

इशाऱ्याची एक वही होती. ती आम्ही सगळेच सकाळीच भरून ठेवायचो, कारण साहेब आले की आधी वही मागत आणि मग नदीकडे बघत. माणूस निघायच्या आधी 'इशारा दिला' असं लिहून मोकळं व्हायचं. यात काही चुकतंय असं कोणाला वाटत नव्हतं.

त्या दिवशी नागपूरहून मोठे साहेब मशीन पाहायला येणार होते. मशीन चार वाजता चालू करायचं ठरलं होतं. चौकीदार सकाळी सायकल घेऊन उभा राहिला. "साहेब, जाऊ का खालतं?"

"थांब," मी म्हणालो. "पाणी भर, मांडवाचे तट्टे बांध, स्वयंपाकाला हात लाव. पाहुण्यांची पंगत उठली की जा. चारला अवकाश आहे."

"वांगे हलवाले दुसरं कोणी नाई का? बाया वाळूत बसल्या असतीन."

"तुला सांगितलं तेवढं कर."

वहीत मी तेव्हाच लिहून ठेवलं होतं: इशारा दिला, सकाळी नऊ.

साहेब अकरालाच आले. पुढे कुठे तरी जायचं होतं म्हणे. जीपमधून उतरता उतरता म्हणाले, "जेवण वगैरे बाद में. आधी मशीन दाखवा." वही टेबलावर उघडी होती. इशारा गेला नाही असं सांगायचं तर वही खोटी आहे हेही सांगावं लागलं असतं. मी गप्प राहिलो. आणि खरं सांगतो, माझी खात्री होती की ते चालू होणारच नाही. तासभर खटपट होईल, तेवढ्यात चौकीदाराला सायकलवर पिटाळता येईल.

पहिल्या खटक्यात चालू झालं. आयुष्यात पहिल्यांदा. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

आवाज ऐकला आणि चौकीदार हातातला वरणाचा पळा टाकून धावला. डबा बडवत तो काठाने गेला, पण पाणी त्याच्या पुढे होतं. डांगरवाड्यांवर ते आधी पोचलं आणि हा नंतर. माणसं वाचली, वेली गेल्या. टरबुजं वाहत खालच्या बंधाऱ्याला जाऊन लागली. आणि त्या लोकांनी काय पाहिलं? सगळं वाहून गेल्यावर डबा वाजवत आलेला माणूस.

चौकशीत तो एकच वाक्य बोलला, "मले धाडलंच नाई." मला विचारलं. मी म्हणालो, वही बरोबर आहे. साहेबांनी माझा जुना कागद फाईलमधून काढला. "म्हणजे हा माणूस असाच आहे म्हणा की."

"हो, साहेब," मी म्हणालो.

मस्टरवरून त्याचं नाव कमी झालं. ऐंशीनंतर तो मला अल्लीपूरच्या बाजारात भेटला. नोकरीबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाला, "डांगरवाडीवाले माह्याशी बोलत नाई. विहिरीवर बाया तोंड फिरवतात. त्याईले एकडाव सांगा, मले धाडलं नव्हतं. मले दुसरं काई नाई पाहिजे." मी सांगतो म्हणालो. मग कारंज्याला बदली झाली, मग मुलीचं लग्न, मग आणखी काही. कारणांची मला कधी टंचाई पडली नाही. तो वारला तेही मला दोन वर्षांनी कळलं.

पुस्तिकेची ती ओळ वाचल्यावर मागच्या आठवड्यात मी रिक्षा करून त्या खालच्या गावी गेलो. त्या दिवशी ज्यांच्या वाड्या गेल्या त्यांतली एक बाई अजून आहे, नातसुना आलेली. मी ओसरीवर बसून सगळं सांगितलं. ती सुपातलं धान्य निवडत ऐकत राहिली.

"आता सांगून राह्यले?" ती म्हणाली. "त्याच्या मयतीले आमच्या घरचं कोणी गेलं नाई. अन् मले एकटीलेच काऊन सांगता? डबा नाई वाजवला म्हणून त्याले काढलं ना तुमी? मंग आता तुमी वाजवा."

मला वाटलं, रागाने बोलली. पण तिने खरंच आतून तेलाचा रिकामा डबा आणि लाकडी चाटू आणला. ऐंशीच्या घरातला मी, गुडघे दुखतात, आणि ती पुढे काठी टेकत चालली. भोयांच्या गल्लीपासून बौद्ध वस्तीतल्या पंचशील ध्वजापर्यंत, जिथे चौकीदाराची मुलगी राहते. मी डबा वाजवत होतो आणि थांबून सांगत होतो: चौकीदाराला मी पाठवलंच नव्हतं, वही मी खोटी लिहिली होती. कुठे टीव्ही चालू, कुठे कुत्री मागे लागलेली. एका पोराने विचारलं, "आजोबा, कोणत्या योजनेचं आहे? फॉर्म कुठी भराचा?"

मुलगी दारात येऊन उभी राहिली. डांगरवाडीवाली बाई मला म्हणाली, "इले नाई आलं ऐकू. पुन्हा सांगा. मोठ्यानं."