मोशीतले पाण्याचे विभाग

बाळांनो,

गेल्या रविवारी थोरलीने फोनवर विचारलं, "आजी, आमच्या कॅनडात प्रांत आहेतच, मग त्या प्रांतांचे पुन्हा गट कशाला करतात?" मी उत्तराला सुरुवात केली, तोच धाकट्याने फोन मांजराला दाखवायला नेला. पुढे बराच वेळ मला मांजरच दिसत होतं. भूगोल शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईला अर्धवट राहिलेलं उत्तर चैन पडू देत नाही, म्हणून लगेच लिहायला बसले आहे.

पुस्तकातलं उत्तर सोपं आहे. ज्या प्रांतांच्या गरजा सारख्या, त्यांचा एक गट केला की योजना आखणं सोपं जातं. तुमच्याकडे समुद्राकाठच्या प्रांतांना मासेमारीची काळजी, मैदानातल्यांना गव्हाची. आपल्याकडे विकासाची मंडळं झाली तेव्हा विदर्भ एक, मराठवाडा एक, आणि राहिले त्या सगळ्यांचं मिळून 'उर्वरित महाराष्ट्र'. म्हणजे मी उर्वरितात मोडते. आयुष्यभर पुण्याच्या आसपास राहून शेवटी हे ऐकायचं!

पण गट भलत्याच हिशोबाने पाडला तर काय होतं, ते मला मोशीत राहायला आल्यावर कळलं.

आमच्या सोसायटीत चार इमारती. दोन रस्त्याकडे, दोन इंद्रायणीकडे. रस्त्याकडच्या दोन्हींत बहुतेक घरं चाकणच्या कंपन्यांत जाणाऱ्यांची. पहाटेपासून खाली बस थांबतात आणि जिन्यात सेफ्टी शूज वाजतात. नदीकडे निवृत्त मंडळी आणि घरून काम करणारे. मी रस्त्याकडची, कारण फ्लॅट घेताना मला रहदारी बघायला मिळेल याचंच अप्रूप होतं.

एका उन्हाळ्यात पाणी कमी पडलं आणि टँकर सुरू झाले. पंप चारही इमारतींना एकदम पुरेना. तेव्हा अध्यक्षांनी दोन विभाग पाडले. हे अध्यक्ष म्हणजे ज्यांच्या जमिनीवर आमची सोसायटी उभी आहे ते गृहस्थ. त्यांच्या डोळ्यांना अजून इमारती दिसत नाहीत, वावरं दिसतात. रस्त्यापासून नदीपर्यंत लांबलचक दोन वावरं होती, एक विहिरीचं आणि एक आंब्याचं. प्रत्येकात आता रस्त्याकडची एक आणि नदीकडची एक अशा दोन इमारती आहेत. अध्यक्षांनी विहिरीच्या वावराला पहाटे पाणी दिलं, आंब्याच्या वावराला दहा वाजता. माझी इमारत आंब्यात.

माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक मुलगी राहते. वडील पिंपरीच्या कारखान्यात फिटर होते, ही चाकणला गाड्यांचे सुटे भाग तपासते. नवरा फिरतीवर, पोर दोन वर्षांचं. दहा वाजता पाणी येई तेव्हा ही कंपनीत आणि पोर पाळणाघरात. संध्याकाळी घरी येई तोवर टाकी रिकामी. मग पहाटे खालच्या हौदावरून बादल्या वर आणायच्या, पोराला आंघोळ, डबा, धावपळ. मी दोन बादल्या भरून ठेवत असे, पण दोन बादल्यांवर संसार चालत नाही. तिची बस चुकू लागली.

एकदा ती दारातच थबकली. "काकू, साहेब आज सरळच बोलले. बढती देऊन लाइन लीडर करायला माझं नाव पुढे केलंय, पण अजून एकदा लेट झाले तर दुसरीला देणार म्हणे."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? आमचं वावर दहाचं आहे, असं सांगू?"

आम्ही दोघीही हसलो, पण तिचे डोळे हसत नव्हते.

मी थेट अध्यक्षांकडे गेले. ते पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले होते.

"दादा, या विभागणीचं काही तरी करा."

"का ओ बाई? दोन वावरं, दोन पाळ्या. आमच्या आज्याच्या वक्तापासनं असंच चालत आलंय. कुनाची तक्रार न्हाई."

"तेव्हा वावरात काय होतं?"

"वर ऊस, खाली नदीकडं तरकारी."

"आणि दोन्हींना एकदमच पाणी सोडायचात?"

"छ्या! ऊस येगळा, तरकारी येगळी. तरकारी नाजूक, तिला सकाळच्यालाच पाजावं लागतं. न्हाईतर उनानं मान टाकती."

"मग आमच्या कंपनीवाल्यांनाच दहाला का पाजता? ऊस निदान घरी तरी असतो."

ते खुर्ची हलेपर्यंत हसले. "व्हय की! म्या वावरं धरली, पीकच बगितलं न्हाई."

त्याच आठवड्यात सभा झाली. रस्त्याकडच्या दोन्ही इमारती एका विभागात, पाणी पहाटे. नदीकडच्या दोन्ही दुसऱ्यात, पाणी दहाला. नदीकडचे एक निवृत्त बँक अधिकारी उठून उभे राहिले. "म्हणजे आम्हाला उर्वरित करून टाकलंत!"

"अहो, मी जन्माची उर्वरित आहे," मी म्हटलं. "काही होत नाही."

"पण माझी पहाटेची आंघोळ?"

मागून कुणी तरी ओरडलं, "काका, तुमची बस कितीला सुटते?"

ते खाली बसले. नदीकडच्या बायकांनी तर आधीच माना डोलावल्या होत्या. दहाला पाणी म्हणजे त्यांना भांड्यांसाठी सोयीचंच होतं. तोटा झाला माझा. निवृत्त असूनही मी कंपनी विभागात पडले आणि पहाटे उठून पाणी भरू लागले.

शेजारणीची बस त्यानंतर चुकली नाही. पावसाळ्याआधी ती लाइन लीडर झाली. पेढे घेऊन आली तेव्हा पोर तिच्या कडेवर झोपलेलं होतं आणि ती कुजबुजत बोलत होती, तरी आनंद जिन्यापर्यंत ऐकू गेला असेल.

तर थोरले, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. नकाशावर कोण कुणाच्या शेजारी आहे, हे बघून गट करता येतो. पण कुणाला काय हवं आणि केव्हा हवं, हे विचारून केलेला गट टिकतो.

आता नवी पाइपलाइन आली आहे आणि टँकर बंद झाले आहेत. आमचा पंप मात्र अजून पहाटे रस्त्याकडच्या इमारतींसाठी सुरू होतो आणि दहाला नदीकडच्यांसाठी. शेजारीण अजून पहिल्या शिफ्टला जाते.