बाळाजींचा सत्कार आणि नूतनबाई

आमचे हे, बाळाजी, अंबरनाथला तोफा बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात मला बजावलं, "कौसे, कामाचं काय विचारायचं नाय. गुपित असतं." देशाचं काम म्हटल्यावर मी गप्प बसले. मांजर्लीच्या घरात पुराचं पाणी शिरलं, तेव्हा हे आले, चिखल उपसला, भाकरी खाल्ली आणि अवाक्षर न काढता झोपले. शेजारणी म्हणायच्या, किती शांत माणूस! मीही ते कौतुकानं मिरवायचे.

गेल्या रविवारी अंबरनाथला त्यांचा सत्कार झाला. मी ठेवणीतली साडी नेसून गेले, तर मला यांच्या शेजारी मंचावर बसवलं. यांनी जन्मभर काय केलं, ते मला तिथंच, सभागृहभर परक्या माणसांबरोबर कळलं. बर्फात तोफेचं गोळा भरायचं मागचं दार आखडायचं, यांनी त्याची रचनाच बदलली. खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला.

मग नूतन बोलायला उठली. ही यांच्या हाताखाली ड्रॉइंग काढायची.

"सर म्हणजे एक नंबर गप्पिष्ट!" ती म्हणाली. "चहाला बसले की आमची हसून हसून पोटं दुखायची. त्यांच्या सासऱ्यांचा बैल लग्नाच्या मांडवात घुसला, ती गोष्ट तर काय सांगायचे!"

सगळे हसले. हेसुद्धा हसले. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. तोफ गुपित, मान्य. बैल कशाला गुपित? बैल माझ्या बापाचा, सोनिवलीचा, मांडव माझ्या लग्नाचा, मी आत हळद लावून बसलेली, नुसता गलका ऐकलेला, आणि मजा सांगितली कोणाला, तर हिला! डबा मी भरायचा आणि गप्पा हिच्याशी. तिच्या केसांतला गजरासुद्धा माझ्या डोळ्यांत खुपायला लागला.

तेवढ्यात सूत्रसंचालकानं माइक माझ्या हातात दिला. "वहिनी, सरांबद्दल दोन शब्द."

"मला काय म्हाईत?" मी म्हटलं. "तोफेचं आज कळलं, बैलाचं पण आजच. नूतनबाई, तुम्हीच सांगा. पुढं काय झालं त्या बैलाचं?"

लोकांनी हसून टाळ्या वाजवल्या. यांचा चेहरा उतरला.

"कौसे, घरी सांगतो ना," हे पुटपुटले.

"नको," मी म्हटलं, "ती चांगलं सांगते." आणि यांच्याकडे पाठ करून, नूतनकडे तोंड करून ऐकायला बसले.