वाघाच्या पुढ्यातलं मीठ

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, आणि परीक्षेतल्या निबंधाखेरीज मी कधी काही लिहिलेलं नाही. त्यात सायन्सचा विद्यार्थी... अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. पण झालं ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं.

आमचा गोठा बोरिवली पूर्वेला, जंगलाच्या कुंपणालगत होता. दाराशी पणजोबांनी बसवलेला दगड — त्यावर कोरलेला वाघ, आणि वाघाच्या पुढ्यात वाटीएवढा खळगा. आई रोज सकाळी त्यात खडे मीठ ठेवायची. गायीने वाघासमोर निर्धास्त मीठ चाटलं की खरा बिबट्या गोठ्याकडे फिरकत नाही, असं घरात मानायचे. शेजारचं वासरू बिबट्याने नेलं, आमचं कधीच नाही. योगायोग असेल.

दोन वर्षांपूर्वी गोठा पाडला. आम्ही चारकोपला, सातव्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो. शेवटची गाय, गौरी, शहापूरला मामाकडे गेली. दगड मात्र आईने सोडला नाही. बाबांनी आणि मी तो गोणपाटात गुंडाळून टेम्पोतून आणला आणि बाल्कनीत ठेवला. आई तिथेही रोज मीठ ठेवायची.

शेजारच्या काकू हसायच्या. “वहिनी, बिबट्या काय लिफ्टने येणार आहे?”

“बिबट्या कशाला,” आई म्हणायची, “गाय आली तर?”

तिला एकदा गौरीला बघायचं होतं. परीक्षा झाली की नेतो, असं मी दोनदा म्हणालो. दोन्ही वेळा राहिलं.

गेल्या हिवाळ्यातला मंगळवार. सकाळचे अकरा. आई-बाबा कामावर, मी दार लावून जर्नल लिहीत होतो. बाल्कनीतून खरखर ऐकू आली... दगडावर जीभ फिरते ती. लहानपणापासून कानात बसलेला आवाज. उठून गेलो, तर कोणीच नाही. पण खळगा रिकामा, दगड ओला, आणि काठावरून लाळेची तार लोंबत होती.

दुपारी आई आली. मी म्हणालो, “वरच्यांनी कपडे वाळत घातले असतील, त्याचं पाणी.”

तिने बोट लावून पाहिलं. “पाणी असं चिकट असतं का रे?” मग बोट नाकाशी धरून हुंगलं. “मामाला फोन लाव.”

मामा म्हणाला, “बरी आहे, बरी आहे,” आणि घाईत फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आईने मूठभर मीठ ठेवलं. ते तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशीही.

मी खूप विचार केला. कावळा, पाल, वरचं पाणी — कशातच ते बसत नाही.

रविवारी मामा स्वतः आला. चहासुद्धा नको म्हणाला.

“ताई, गौरी मंगळवारी सकाळीच गेली. फोनवर सांगवेना मला. दोन दिवस पाण्यालाही तोंड लावत नव्हती. पण शेवटी मान लांब करून, समोर काही नसताना, चाटतच राहिली. तोंड पुसायला गेलो, तर जिभेवर खडे मीठ. ताई, आमच्याकडे बारीकच मीठ असतं.”