रुखवतातली सात पावलं

सीताफळाची बी ओली असतानाच टोचावी लागते. फळ खाल्लं, बी तोंडातून काढली, की त्याच बैठकीला सुई घालायची. दोन दिवस वाळू दिली तर तिचा असा दगड होतो की सुई तरी मोडते नाहीतर बोटात तरी घुसते. हे मला कोणी शिकवलं नाही, चार सुया मोडल्या तेव्हा कळलं. मी शाळा पाहिली ती दुसरीपर्यंत. बाकी जे काही हाताला आलं ते मोडून, उसवून, पुन्हा बसून आलं. हे लिहिणंही तसंच आहे. मधेच बोलायला लागले तर सांभाळून घ्या.

सीताफळाचं सांगते कारण नातीचं रुखवत मी तिथूनच सुरू केलं. दसऱ्याच्या सुमाराला मुलानं टोपलंभर सीताफळं आणली. घरची माणसं खात होती आणि मी वाटी घेऊन त्यांच्या मागं मागं. मुलगा म्हणाला, "माय, गिळू तर दे! बिया काय पळून चालल्या का?" मी म्हटलं, "तू गर गीळ, बी माही आहे." त्या काळ्याभोर बियांचं मी दारभर तोरण केलं, मधे मधे लाल गुंजा ओवल्या. मग ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी केली. धांडे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे म्हणजे तडकत नाहीत. साल सोलून तिच्या खुंट्या करायच्या आणि आतल्या पांढऱ्या गाभ्यात टोचायच्या. खिळा नको, डिंक नको.

रुखवत म्हणजे काय ते आपल्याकडे सांगावं लागत नाही, तरी आताच्या पोरींसाठी सांगते. लग्नाच्या दिवशी नवरीनं आपल्या हातच्या वस्तू टेबलावर मांडायच्या आणि वराकडच्या बायांनी त्या फिरून फिरून बघायच्या, नावं ठेवायच्या. खरं विचाराल तर नवरी एकटी कधीच करत नव्हती. आई, मावशी, आत्या, शेजारीण, सगळ्या मिळून करायच्या आणि नाव नवरीचं लागायचं. दोन्हीकडच्यांना ते ठाऊक असायचं. आमच्या गावातल्या कितीतरी पोरी माझ्या हातच्या वस्तू आपल्या म्हणून मिरवून सासरी गेल्या, आणि मला त्याचा आनंदच होता.

पण आपल्या नातीसाठी मला काहीतरी वेगळं करायचं होतं, म्हणून मी सात पावलांचा पट धरला. सप्तपदीची सात पावलं, एका लांब कापडावर शिवलेली. नातीला वर्तमानपत्रावर उभं केलं आणि तिच्या उजव्या पायाभोवती पेन्सिल फिरवली. तिची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे, लहानपणापासून. ती म्हणाली, "आजी, करंगळी सरळ काढ ना." मी काही काढली नाही. पाऊल तिचं, तर करंगळीही तिचीच.

आणि कापड? सात पावलं सात बायकांच्या कपड्यांची. माझी माय, माझी सासू, मोठी नणंद, धाकटी बहीण, या चौघी गेलेल्या. त्यांची लुगडी मी पेटीत जपून ठेवली होती. जिवंत तिघी म्हणजे जाऊ, मी आणि सून. सून म्हणाली, "माह्या शालूले कात्री नाई लावू देत बाप्पा," आणि ब्लाऊजपीस दिला. चालेल म्हटलं. मायच्या लुगड्याला तर सुई लावायचीही भीती वाटत होती, इतकं ते विरलं होतं. खाली अस्तर घालून, टाका टाका मोजून शिवलं. थंडी सरेपर्यंत मी तेच करत होते. मला वाटायचं, ही पोर सासरी जाईल तेव्हा आम्ही सातही जणी तिच्यासोबत जाऊ.

हे मी साखरपुड्यात नातीच्या होणाऱ्या सासूलाही पट उलगडून सांगितलं. कोणतं पाऊल कोणाचं, कोण कधी गेली, सगळं. मला बोलायला लागले की थांबता येत नाही. ती बाई चहा पीत होती. म्हणाली, "वा. छान." मला तेवढं पुरलं.

लग्नाला महिना राहिला तेव्हा सुनेनं सांगितलं, "आई, मेहकरच्या डेकोरेशनवाल्याले रुखवताचं सांगून आली मी. भाड्यानं येते सगळं, लायटिंगसकट."

"भाड्यानं? रुखवत?"

"आता सगळेच तसं करून राह्यले. तुळशीवृंदावन, पालखी, झोक्यावरचे राधाकृष्ण, मोठं मोठं असते. फोटोत भरून दिसते."

"आन् मी केलं ते?"

"तेही ठेवू ना मधात. कोण नाई म्हणते?"

"मधात म्हणजे कुठी?"

"आई, तुमी आता टेबल मोजू नका. ठेवतो म्हटलं ना."

नात तिथंच मोबाईल घेऊन बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "दोन्ही छान दिसतीन आजी." तिला कोणालाच दुखवायचं नसतं. तेव्हा मला तो तिचा गुण वाटायचा.

लग्न मेहकरच्या कार्यालयात झालं. माझा पट राधाकृष्णाच्या झोक्याखाली पसरला होता, त्यावर दिव्यांची वायर गेली होती. तोरण आणि बैलगाडी कडेला होती. समोर पाटी, 'वधूने स्वतः बनवलेले'. मी वायर बाजूला केली तर डेकोरेशनवाला ओरडला, "आजी, करंट लागन!" निरोपाच्या वेळी मी दोनदा म्हटलं, माझ्या वस्तू वेगळ्या बांधा, पोरीच्या गाडीत ठेवा. सगळे म्हणाले, "तुमी बसा, करतो आमी." मी बसले.

दुसऱ्या दिवशी कळलं की तोरण आणि बैलगाडी आमच्याच सामानात परत आली आणि पट कुठंच नाही. नातीला फोन केला. ती म्हणाली, "इथं तर नाई आला आजी." म्हणजे डेकोरेशनवाल्यानंच नेला. मी मुलाकडून नंबर घेतला आणि त्या माणसाला रोज फोन लावू लागले. तो आधी म्हणाला, "पाहतो." मग म्हणाला, "आजी, माह्याकडे माहंच सामान आहे." मग उचलायचाच बंद झाला. मी गावभर त्याला चोर म्हटलं. किराणा दुकानात म्हटलं, दळणाच्या रांगेत म्हटलं, एसटीत शेजारी बसलेल्या बाईलाही म्हटलं. सून म्हणायची, "आई, एका फडक्यासाठी किती दिवस?" मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि पुन्हा लग्नसराई लागली. माझ्या त्या धाकट्या बहिणीच्या नातवाचं लग्न हिवरा आश्रमला होतं. आम्ही मुलाकडचे. मांडवात गेल्यावर बाया रुखवताकडे वळल्या, मीही वळले. आणि टेबलाच्या अगदी मधोमध, दिव्यांखाली, माझी सात पावलं. चढलेली करंगळी, सातही पावलांना. कोपऱ्याला नंबरची चिकटपट्टी लावलेली आणि पुढं तीच पाटी.

नवरीची मावशी सांगत होती, "आमची पोट्टी वर्षभर बसली याच्यावर."

माझी भाची, म्हणजे नवरदेवाची आत्या, जिभेची तिखट. ती म्हणाली, "वर्षभर? हे तर सगळं भाड्याचं दिसून राह्यलं. मावशी, तू पाह्य बरं. तुले समजते यातलं. हातचं आहे का हे?"

आठ-दहा बाया माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. नवरीची आई मागं उभी होती. तिनं पदराचा शेव तोंडाशी धरला होता आणि तिची नजर माझ्यावरून हलत नव्हती. मी एक शब्द बोलले असते तर त्या पोरीचा सासुरवास तिथूनच सुरू झाला असता, वर्षानुवर्षं पुरेल असा.

मी पट हातात घेतला, उलटा करून टाके पाहिले. म्हटलं, "हो वं, हातचंच आहे. टाका बारीक आहे."

भाची म्हणाली, "मंग ठीक आहे." बाया पुढं सरकल्या. नवरीच्या आईनं मला जेवायला आग्रह करकरून वाढलं. दुसरी जिलबी वाढताना हळूच म्हणाली, "मावशी, तुमचे उपकार." ती जिलबी तशीच ताटात ठेवून मी उठले.

हात धुऊन मी त्या डेकोरेशनवाल्याला गाठलं. तो मांडवामागं वायर गुंडाळत होता. म्हटलं, "काऊन रे, चोरीचा माल मधात मांडतं?"

त्यानं ओळखलं. "आजी, तुमीच का त्या फोनवाल्या? मी चोर नाई. सांगू म्हटलं तं फोनवर तुमी बोलू कुठी देत होत्या? त्या दिवशी सामान भरताना तुमच्या नवरीले विचारलं होतं मी. विचारा तुमी तिले."

मी तिथंच उभ्या उभ्या नातीला फोन लावला. सांगितलं, पट सापडला, घेऊन येते तुह्या सासरी, देऊळगाव राजाला, आठ दिवसांत. मी दोनदा हॅलो हॅलो म्हटलं. मला वाटलं रेंज गेली.

मग म्हणाली, "आजी, रागावशीन तर नाई?"

"काऊन रागावू?"

"त्यानं मले विचारलं होतं, ताई, हे कापडाचं आमच्यातलं नाई वाटत, तुमचं आहे का? मी म्हटलं, तुमचंच आहे, घेऊन जा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सासूबाईनं आधीच सांगून ठेवलं होतं आजी. मेलेल्या बायांच्या लुगड्यांचं काई नव्या घरात आणू नको, अशुभ असते म्हणे. तू साखरपुड्यात त्याईले सगळं सांगितलं ना. मंग मी काय करू? पहिल्याच दिवशी वाद घालू? आन् तुले सांगितलं असतं तर तुले वाईट वाटलं असतं."

"आन् आता?"

"आता तूच शोधून काढलं न."

मी म्हटलं, "बरं. जेवली का?" ती म्हणाली, जेवली. मी फोन ठेवला.

साडेसहा महिने मी त्या माणसाला शिव्या घातल्या होत्या. अशुभ म्हणे. माझी माय, जिनं अकरा बाळंतपणं काढली दुसऱ्यांची, एकटीनं, ती अशुभ. माझी बहीण, जिच्या नातवाच्या मांडवात मी उभी होते, तीही. आणि हे माझ्याच तोंडानं मी त्या बाईला मोजून दिलं होतं, एकेक पाऊल दाखवत, कोण कधी गेली ते सांगत. तिला काही शोधावं लागलं नाही.

टेबल उचलणं चाललं होतं. त्यानं पट घडी करून माझ्यापुढं धरला. "न्या आजी. तुमचा आहे तर न्या. पण खरं सांगतो, लोकाईले हाच पाह्यजे असते. फोटो दाखवला की म्हणतेत, ते पावलंवालं द्या. या महिन्यात चार लग्नं आहेत त्याचे."

मी घडी हातात घेतली. नेऊन करायचं काय होतं? पेटीत ठेवायचा, सुनेनं विचारलं की तो कसा गेला होता ते सांगायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून नातीला माफ करायचं. मी ती परत त्याच्या खोक्यात ठेवली. म्हटलं, "राहू दे तुह्याकडेच."

त्याला खरं वाटेना. "भाडं देऊ का तुमाले थोडंफार?"

"नको."

"मंग एक सांगा, आजी. बाया विचारतेत, हे कापड कशाचं आहे, लय जुनं वाटते. काय सांगू त्याईले?"

म्हटलं, "सांग, नवीनच आहे. दुकानातून आणलं."